अनवाणी राखणदार

तोंडात टाचण्या धरून बोलायची मला सवय आहे. सहा-सात टाचण्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात आणि बोलणं उजव्या कोपऱ्यातून. पेडण्याच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. समोर उभ्या बाईचं माप मी एक डोळा मिटून नजरेनेच घेते, टेप नंतर लावते ती तिच्या समाधानासाठी. कोणी पोक काढून उभी राहिली की सांगते, सरळ उभी रहा, नाही तर उसवून टाकीन. बायका हसतात. त्या माझ्या बोलण्याला हसतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

माझे यजमान शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतो, मीही म्हणते. त्यांची बरीचशी नोकरी खाणींच्या भागात, सुर्ल्याच्या शाळेत गेली. पेडण्याहून रोज सुर्ला गाठणं म्हणजे बस बदलत बदलत अर्धा दिवस, म्हणून ते तिथेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. येताना कॉलरवर, कानांमागे, अगदी बनियनच्या आतसुद्धा खाणीची तांबडी धूळ असायची. ती धूळ पुढे दोन दिवस माझ्या धुण्यात निघायची. रविवारी मी घरच्या मशीनवर आणि मास्तर मेजावर. मुलांसाठी ते एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. आमची मुलगी पहिलीत होती तेव्हा पहिलं पान लिहिलं, आणि ती बारावी झाली तेव्हा पुस्तक छापून आलं. मधल्या सगळ्या रविवारी नळ गळत होता, कौलं फुटत होती, आणि मास्तर मेजावर होते.

गोष्ट एका राखणदाराची. आमच्याकडे गावाच्या हद्दीवर राखणदार असतो. तो कोणाला दिसत नाही, पण असतो यात कोणाला शंका नाही. त्याला रोट, विडी, घोंगडी आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण गावाभोवती हिंडून हिंडून त्याच्या वहाणा झिजतात. वाहिलेल्या वहाणा वर्षाने पाहिल्या तर तळ झिजलेला असतो, असं माझी सासू छातीठोकपणे सांगायची. मास्तरांचा राखणदार एका डोंगराचा. एके दिवशी सकाळी उठून बघतो तर डोंगर नाही, खणून ट्रकांतून नेलेला. मग तो आपला डोंगर शोधायला निघतो. एवढं मला ठाऊक होतं, कारण जेवताना ते एवढंच बोलायचे.

पहिली प्रत त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती काचेच्या कपाटात ठेवली. आठवड्याने त्यांनी विचारलं, वाचलंस? मी हो म्हटलं. चोपड्याचा भाग कसा वाटला? चोपडे हे माझं माहेर. माझे वडील शापोरा नदीवर मासे मारायचे. मी म्हटलं, छान आहे. मास्तरांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांची कीवच आली. मी पुस्तक उघडलंही नव्हतं. डोळे शिवणाने दमायचे हे एक, आणि ज्याच्यापायी माझे रविवार गेले ते पुस्तक वाचून वर शाबासकी द्यायची माझी तयारी नव्हती हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

पुढे पणजीच्या एका दिग्दर्शकाने त्यावर सिनेमा काढला. माणूस गोड बोलायचा आणि बोलताना स्वतःच्याच बोलण्याला मान डोलवायचा. सिनेमा पुरा झाला, पण त्याला थिएटर मिळालं नाही. म्हणून तो थेट घरी बघायच्या सीडीवर आला. होती डीव्हीडी, पण आमच्याकडे त्या काळी सगळ्यालाच सीडी म्हणायचे. एक भलं मोठं खोकं मास्तरांकडे आलं. प्रत्येक डबीत सिनेमा आणि सोबत एक छापील कार्ड, ‘आपला अभिप्राय’ असं वर लिहिलेलं. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की गावागावांत घरोघरी सीडी जाऊ दे, लोकांना आवडलं असं कार्डांवरून दिसलं की तो दुसऱ्या भागाला हात घालेल. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, कार्डं त्याच्याकडे पोचायला हवी होती. दुसरा भाग मास्तरांनी लिहायला घेतलाच होता. फुलस्केप कागदांचा गठ्ठा मेजावर रोज थोडा वाढत होता. तोवर त्यांची बदली पेडण्याला झाली होती, त्यामुळे आता रविवारच नव्हे, रोजची संध्याकाळ त्या गठ्ठ्याची होती.

सीडी आली त्या रविवारी दुपारी आमच्या बसायच्या खोलीत शेजारपाजार जमला. मास्तरांनी स्वतः सिनेमा तोवर बघितला नव्हता. राखणदार आला, त्याचा डोंगर गेला, तो चालू लागला. अर्ध्या तासाने चेटकीण आली. तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात बाभळीचे काटे होते आणि ती उजव्या कोपऱ्यातून बोलत होती. राखणदाराकडे तिने एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाली, सरळ उभा रहा, नाही तर उसवून टाकीन.

खोली एकदम फुटली. शेजारीण डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, “गे, ती चेटकीण म्हटल्यार तूच मगे?” माझी मुलगीसुद्धा उशीत तोंड खुपसून हसत होती. मास्तर हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत पुटपुटले, “ही हंयसर कशी आयली?” मला वाटलं, ही इथे कशी म्हणून विचारताहेत ते नुसतं सावपणाचं नाटक.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सिनेमावाल्यांनी काय केलं ते तुला कळलं ना, असं त्यांनी विचारलं. आणि मग म्हणाले, “तू पुस्तक वाचलंस म्हणून बरं. नाय तर तुका वायट वाटलां असतां.”

आता मी काय बोलणार? वाचलं नाही म्हणावं तर इतकी वर्षं खोटं बोलले हे कबूल करायचं. मी म्हटलं, कळलं. ते निश्चिंत होऊन निघून गेले. मला मात्र एकच कळलं होतं. ज्या माणसाला मी बारा वर्षं रविवारचा चहा मेजावर नेऊन दिला, त्याने त्या मेजावर बसून माझी चेटकीण केली होती. माझ्या टाचण्या, माझा डोळा, माझं बोलणं चोरून गावाला हसायला दिलं होतं. त्या रात्रीच्या भाकऱ्या मी मुद्दाम करपू दिल्या.

मास्तर भिडस्त. घरोघर सीडी वाटून अभिप्राय मागणं त्यांना जमणारं नव्हतं. चवथीच्या आधी अख्खं पेडणं माझ्या दुकानातून ब्लाउज शिवून नेतं, म्हणून खोकं माझ्याकडे आलं. बायका सीडी न्यायच्या आणि ब्लाउज घालून बघायला आल्या की मत सांगायच्या. कार्ड लिहायला एकीचाही हात उठेना. तूच लिही गे, आम्हाला कुठे तुझ्यासारखं लिहायला येतं. मग मी लिहू लागले.

माझी रीत सोपी होती. बाई बरं बोलायला लागली की मी तिला हात वर करायला सांगायची, दंडाला टेप आवळायची आणि तिच्या जाडेपणाकडे विषय न्यायची. वाईट बोलायला लागली की म्हणायची, थांब, पेन घेते.

आणि वाईट बोलणाऱ्या कमी नव्हत्या. भुसारी दुकानदाराच्या बायकोने सिनेमाभर राखणदाराचे पायच बघितले होते. सुरुवातीला त्याच्या पायांत वहाणा आहेत, मग डोंगर सुटतो, नदी येते, आणि नदीच्या पलीकडे तो अनवाणी. वहाणा गेल्या कुठे? आमच्या घरून दर वर्षी राखणदाराला वहाणा जातात, तो काय आम्ही अनवाणी सोडलाय? ती खरोखरीच चिडली होती. पुढे जी येईल तिचं हेच. पडद्यावर ट्रक हवेत उडाले, डोंगर चालला, समुद्र बोलला, ते सगळं त्यांनी खपवून घेतलं. अनवाणी राखणदार मात्र एकीलाही चालला नाही. पंचाच्या म्हाताऱ्या आईचं म्हणणं वेगळं. राखणदाराला उभा करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घातलेलं नाही, दशावतारातसुद्धा आधी गणपती येतो, असल्या कामाला यश कसं येईल? माझ्या नणंदेने तर भावाची बाजू घेण्याऐवजी सांगितलं, सिनेमावाल्याला दोष कशाला, पुस्तकच तसलं असणार. तिनेही पुस्तक वाचलेलं नव्हतं. गावात कोणीच वाचलेलं नव्हतं. सगळ्यांनी प्रती घेतल्या होत्या, मास्तरांना नमस्कार केला होता आणि पुस्तकं देवाजवळ ठेवली होती.

मी लिहिताना शब्दांना थोडी धार लावायची. बाई म्हणायची, शेवट नीट कळला नाही. मी लिहायची, शेवट लेखकालाच कळलेला नाही. बाई म्हणायची, मधे मला जरा झोप लागली. मी लिहायची, झोप न येणाऱ्यांनी जरूर पाहावा. हे करताना मला मजा येत होती. उगाच नाही म्हणून कशाला सांगू? इतकी वर्षं घरात एकजण लिहीत होता, आता मीही लिहीत होते, आणि माझं लिहिलेलं ते नक्की वाचणार होते.

एक कार्ड मी लिहिलंच नाही. औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी बेळगावकडची एक बाई, भाड्याच्या खोलीत राहणारी. तिच्याकडे सीडी लावायचं यंत्र नव्हतं म्हणून तिने घरमालकिणीकडे बसून दोनदा बघितला. माझ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, “रडायला आलं की हो बाई. गाव सुटलं की असंच हिंडतंय माणूस. दुसरा भाग कधी येतोय?” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी तिला सरळ उभी रहा म्हटलं, आणि पाठीचं माप घेतलं. तिचं कार्ड कोरंच राहिलं, ते मी खडूच्या डबीखाली टाकलं.

चवथीला आठवडा असताना मी कार्डांचा गठ्ठा मास्तरांना दिला. मागच्या अंगणात पायरीवर बसून त्यांनी एकेक वाचलं. मी घरच्या मशीनवरून जनेलाच्या गजांतून बघत होते. वहाणांचं कार्ड आलं की ते हळूच म्हणायचे, पुस्तकात आसा तां. पुन्हा वहाणांचं आलं की पुन्हा तेच, जसं काही ते कार्ड ऐकणार होतं. शेवटाबद्दलच्या कार्डावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते कार्ड पुन्हा वाचलं. मला तेव्हा आतून गार वाटलं, फार दिवसांनी.

दुसऱ्या कोणी त्यातली निम्मी कार्डं चुलीत घातली असती. मास्तरांनी सगळी नेली. उलट माझ्या लिहिण्यात दोन ठिकाणी वेलांट्या चुकल्या होत्या त्या दुरुस्त केल्या, गठ्ठ्याला दोरी बांधली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पणजीच्या बसने जाऊन स्वतःच्या हाताने दिग्दर्शकाला दिला. तो त्यांच्यासमोर वाचत बसला म्हणे. पाच-सहा वाचून त्याने मान डोलवली, आणि लोकांना नको असेल तर आपण तरी काय करणार, असं गोड शब्दांत सांगून चहा मागवला. मास्तरांनी हे मला आल्यावर सांगितलं. माझ्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. “तू मात्र खूप घेतलंस मनावर,” म्हणाले, “इतक्या जणींचं लिहून काढलंस.”

त्यानंतरच्या रविवारी ते मेजावर बसले नाहीत. गळका नळ त्यांनी दुरुस्त केला. मग फुलस्केपचा तो गठ्ठा उचलून माझ्या दुकानात आले. ब्लाउजच्या पेपर कटिंगला, म्हणजे कापडावर ठेवायच्या कागदी नमुन्यांना, आम्ही वर्तमानपत्र वापरतो, पण त्याची शाई फिक्या कापडाला लागते, असं मी कधीपासून कुरकुरत होते. ते त्यांच्या लक्षात होतं. पाठकोरे आहेत, तुला उपयोगी पडतील, असं म्हणून त्यांनी गठ्ठा कापायच्या मेजावर ठेवला.

नको म्हणायला मला एक क्षण पुरेसा होता. मी कात्री घेतली. दोन-दोन पानं खळीने चिकटवली आणि त्यांच्यासमोर पहिली बाही कापली, लिहिलेली बाजू वर ठेवून. ते बाही पूर्ण कापून होईपर्यंत उभे राहिले. मग जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मास्तर निवृत्त झाले. ते सकाळी पेपर वाचतात, दुपारी टीव्हीवर क्रिकेट बघतात, माझ्याशी कधी वाकडं बोलत नाहीत. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मुलगी लग्न होऊन गेली. मी चेटकीण म्हणून थोडे दिवस गाजले, मग लोक विसरले. मी माझा राग विसरले नव्हते. तो मी घडी करून ठेवला होता आणि अधूनमधून उघडून बघायची.

मागच्या चवथीला मुलीने मोबाईलवर दाखवलं. तो सिनेमा कोणीतरी नेटवर फुकट टाकला होता आणि खाली बघणाऱ्यांनी मतं लिहिली होती. नावं नसलेली, फोटो नसलेली माणसं. तीच जुनी भांडणं. ट्रक खोटे वाटतात, चेटकीण भारी आहे, आणि अर्थात, राखणदार नदीपलीकडे अनवाणी का? त्याखाली कुठल्यातरी परक्या माणसाने उत्तर दिलं होतं, पुस्तक वाचा, वहाणा होडीवालीकडे आहेत, सिनेमात होडीवालीच गाळली आहे.

कोण होडीवाली? मला माहीत नव्हती. मी काचेचं कपाट उघडलं. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. दुकानात नेऊन, दार अर्धं लोटून, मी चोपड्याचा भाग काढला.

चोपड्याच्या धक्क्यावर एक होडीवाली. तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात मासे पकडायचे गळ, ती उजव्या कोपऱ्यातून बोलते. एक डोळा मिटून माणसाचं वजन ओळखते आणि होडीत कोणी कुठे बसायचं ते सांगते. सरळ बस, नाही तर उसवून टाकीन. ती मुळीच गोड नाही. तोंडाची फाटकी आहे, उतारूंना वाटेल ते बोलते, देवाधर्माला मानत नाही. राखणदार जगात कोणाला दिसत नाही. तो होडीत चढतो तेव्हा होडी बोटभर कलते, आणि तेवढ्यावरून ती ओळखते की कोणीतरी आलंय. चिखलाच्या वहाणा घेऊन माझ्या होडीत चढायचं नाही, म्हणून ती त्याला झापते. अख्ख्या पुस्तकात त्याच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस. पलीकडे उतरताना तो वहाणा तिच्याकडे ठेवून जातो, परत येईन याची खूण म्हणून. ती बडबड करत ठेवून घेते. असल्या वास मारणाऱ्या वहाणा कोण सांभाळणार म्हणते, आणि दर शनिवारी त्यांना तेल लावते.

चेटकीण पुढे वेगळ्याच भागात होती. म्हातारी, मुकी, दोन पानांची. तिच्या ओठांत काहीच नव्हतं. दिग्दर्शकाने दोघींची एक केली होती आणि वहाणा अधांतरी सोडल्या होत्या. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात हेच सांगत होते. पुस्तक दिल्यावर चोपड्याचा भाग कसा वाटला म्हणून विचारत होते, तेही हेच. मी छान म्हटलं होतं.

दुकानातल्या खिळ्याला जुन्या पेपर कटिंगचा जुडगा टांगलेला आहे. मी तो खाली काढला. बऱ्याचशा बाह्या, पाठी फाटून कधीच फेकल्या होत्या. उरल्या त्या मी जमिनीवर मांडल्या, जोडून बघितल्या. एका बाहीवर होतं, ‘शनिवार होता. होडीवालीने वहाणा काढल्या आणि’. पुढे काखेपाशी येतो तो मुंड्याचा गोल काप होता. एका पाठीवर नुसतं, ‘कोणाची वाट बघतेस म्हणून विचारलं तर’. पुढे गळा कापलेला. ते तुकडे मी वेगवेगळ्या बायकांच्या मापाने कापले होते, एकाला एक लागेना. मी दुपारपर्यंत जमिनीवर बसून होते. बेळगावच्या बाईचं कोरं कार्ड आठवून खडूची डबी शोधली, ती डबीसुद्धा कधीच बदलली होती.

ती बाही घेऊन मी घरी गेले. मास्तर टीव्हीसमोर होते. मी त्यांना सांगितलं की मी पुस्तक आज वाचलं, आधी कधीच वाचलं नव्हतं. कार्डं कशी लिहिली तेही सांगितलं, बेळगावच्या बाईसकट. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सगळं ऐकून घेतलं. मी बाही त्यांच्या हातात दिली, आणि विचारलं, “मागीर तिणें वहाणांचें किते केलां? तो परत आयलो?”

त्यांनी बाही चष्म्याजवळ नेऊन ती ओळ वाचली. बाहीची घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली.

“आता याद ना माका,” म्हणाले.

खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं? मी एक डोळा मिटून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.